ओव्हरीत गाठ, कॅन्सरची शंका: स्कॅन कोणता करायचा आणि सेकंड ओपिनियन कुणाचं घ्यायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे समजलं ते आधी लिहिते, काही चुकत असेल तर सांगा. आई ५९ वर्षांच्या, पाळी जाऊन ९ वर्षं झालीत, दोन महिन्यांपासून पोट फुगल्यासारखं वाटतंय आणि चार घास खाल्ले की पोट भरतं, म्हणून सोनोग्राफी केली तर डाव्या ओव्हरीत ८ सेंटिमीटरची गाठ, आत पडदे आणि एक घट्ट भाग, पोटात पाणी नाही, आणि सीए-१२५ (रक्तातला ट्यूमर मार्कर) आलं ११२. पहिल्या डॉक्टरांनी चार दिवसांनंतरची दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख दिली, दुसऱ्यांनी आधी पेट सीटी करून या म्हटलं, ओळखीतल्या एका डॉक्टरांनी सुईने पाणी काढून तपासू असं सुचवलं. बहीण विचारतेय मीही सीए-१२५ करून घेऊ का. आणि आईंना अजून "साधी गाठ आहे" एवढंच सांगितलंय.

मी गायनॅक कॅन्सरची ऑपरेशनं करते, रोजच्या ओपीडीत असे कागद हातात येतात, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. पण मी आईंना तपासलेलं नाही, सोनोग्राफीची चित्रं बघितलेली नाहीत, फक्त तुम्ही लिहिलेल्या चार ओळी वाचल्यात. त्यामुळे "कॅन्सर आहे" किंवा "नाही" हे मी सांगणार नाही आणि फक्त रिपोर्टच्या ओळी वाचून ते कुणी सांगितलं तर तुम्हीही धरून चालू नका. विचार कसा करायचा ते मात्र सांगता येईल.

तुम्ही विचारताय कोणता स्कॅन चांगला. मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे. तीन प्रश्न एकात एक गुंतलेत. पहिला, ही गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता किती. दुसरा, असलीच तर पोटात अजून कुठे गेलीय का. तिसरा, ऑपरेशन कुणी करायचं आणि कसं करायचं. या तिन्हींची उत्तरं एका स्कॅनमध्ये मिळत नाहीत आणि सगळ्यात महाग स्कॅन सगळ्यात जास्त सांगतो असंही नाही. मी प्रत्येक पेशंटच्या मुलामुलींना एकच गोष्ट विचारायला शिकवते, स्कॅन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा की रिपोर्ट असा आला तर तुम्ही काय कराल आणि तसा आला तर काय कराल. दोन्ही वेळा उत्तर तेच असेल तर तो स्कॅन आत्ता नको.

सगळ्यात आधी सुईचं, कारण तिथे चूक झाली तर ती परत फिरवता येत नाही. गाठ ओव्हरीपुरतीच दिसतेय, बाकी पोट स्वच्छ आहे, आणि कॅन्सरची शंका आहे, अशा गाठीत सुई घालू देऊ नका. दोन कारणं. एक तर त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणजे कॅन्सर नाही असं होत नाही, कारण पेशी त्या घट्ट भागात किंवा भिंतीत असतात, पाण्यात उतरतीलच असं नाही. दुसरं जास्त गंभीर. गाठ कॅन्सरची निघाली आणि ती फुटली किंवा गळली तर आतलं पाणी पोटात पसरतं आणि जी पहिल्या स्टेजमधली सुरुवातीची, आयए म्हणतो ती, असायची तिची आयसी होते. २०१४ पासूनच्या फिगो स्टेजिंगमध्ये (कॅन्सरची स्टेज ठरवायची जगभर वापरली जाणारी पद्धत) ऑपरेशनच्या वेळी गाठ फुटणं याला स्वतंत्र नाव आहे, आयसी१. काही पेशंटना आयए असताना केमोशिवाय चाललं असतं, त्यांना निव्वळ एवढ्यासाठी केमो घ्यावी लागते. माझ्याकडे अशा बायका आल्यात, बाहेर कुठेतरी "बघून घेऊ" म्हणून सुई घातलेल्या, आणि त्यांना हे समजावून सांगणं मला आजही जड जातं.

सुईची बायोप्सी कधीच नसते असं नाही हं. आजार पोटभर पसरलाय, पडद्यावर गाठी आहेत, आणि आधी केमो द्यायची ठरतेय, तेव्हा ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) किंवा पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) इथून तुकडा घेतात, कारण केमो सुरू करण्याआधी हा ओव्हरीचाच कॅन्सर आहे की आतड्याचा की क्षयरोग हे कळायलाच हवं. ती वेगळी परिस्थिती, आईंची ती दिसत नाही.

आता सोनोग्राफी. लोकांना वाटतं सोनोग्राफी म्हणजे पहिली पायरी, खरं काय ते पुढच्या मोठ्या स्कॅनमध्ये कळणार. ओव्हरीच्या बाबतीत हे उलटं आहे. गाठीचा आतला पोत बघायला योनीमार्गातून केलेली चांगली सोनोग्राफी, ट्रान्सव्हजायनल, ही सीटीपेक्षा कितीतरी सरस. २०२१ मध्ये ईएसजीओ, आयएसयूओजी, आयओटीए आणि ईएसजीई या गायनॅक आणि सोनोग्राफीच्या चार संस्थांनी मिळून जे निवेदन काढलं त्यातही क्रम हाच आहे, आधी अनुभवी हाताची सोनोग्राफी, तिच्यातून कळलं नाही तर एमआरआय. पण अट आहे "अनुभवी हाताची". दिवसभर गरोदर बायकांचे स्कॅन करणारा आणि ओव्हरीच्या गाठी नेहमी बघणारा, दोघांकडे मशीन एकच असलं तरी रिपोर्टमध्ये फरक पडतो.

तुमच्या रिपोर्टमध्ये काय काय लिहिलंय ते बघा. घट्ट भाग किती मिलिमीटरचा, त्याची कड गुळगुळीत की ओबडधोबड, आतल्या भिंतीवर फुगवटे किती, डॉपलरमध्ये त्या घट्ट भागात रक्तप्रवाह किती, दुसरी ओव्हरी कशी आहे, पोटात पाणी, ओमेंटम. "कॉम्प्लेक्स सिस्ट, प्लीज कोरिलेट क्लिनिकली" एवढंच असेल तर तो रिपोर्ट अपुरा आहे. बऱ्याच ठिकाणी आता ओ-रॅड्स नावाची ० ते ५ ची श्रेणी देतात. त्यात २ म्हणजे कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहून कमी, ३ म्हणजे १ ते १० टक्के, ४ म्हणजे १० ते ५० आणि ५ म्हणजे ५० च्या वर. आणि हे बघा, अनेक कप्पे अधिक घट्ट भाग अशी आईंसारखी गाठ असेल तर रक्तप्रवाह कमी असताना ती ४ मध्ये बसते आणि भरपूर असताना ५ मध्ये जाते. म्हणजे डॉपलरची एक ओळ लिहायची राहिली तर अर्धं उत्तर राहिलं. म्हणून माझा पहिला सल्ला नवीन मशीनचा नाही, हीच सोनोग्राफी गायनॅक कॅन्सर नेहमी बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून परत करून घ्या, दोनच दिवसांचं काम आहे, आणि सेकंड ओपिनियनची सुरुवात इथूनच होते.

सीए-१२५ बद्दल खूप घाबरवलं जातं, आणि कधी कधी खोटा धीरही दिला जातो. साधारण ३५ पर्यंत नॉर्मल धरतात. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयाची साधी गाठ), ओटीपोटातलं इन्फेक्शन, पाळीचे दिवस, गर्भारपण, लिव्हरचा सिरोसिस, पोटाचा क्षयरोग, यातल्या कशानेही ते वाढतं. सीए-१२५ सहाशेच्या घरात आणि निघाला फक्त एंडोमेट्रिओसिस, अशी तरुण मुलगी मी बघितलीय. उलट पहिल्या स्टेजमधल्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये ते नॉर्मलच असतं, त्यामुळे २० आलं म्हणून निश्चिंत होणंही चूक. पाळी गेल्यानंतर मात्र या आकड्याचं वजन वाढतं, कारण वाढण्याची बरीचशी साधी कारणं तोवर मागे पडलेली असतात.

सोनोग्राफी, वय आणि सीए-१२५ एकत्र करायची एक जुनी सोपी पद्धत आहे, आरएमआय, १९९० पासून वापरात आहे. सोनोग्राफीत पाच गोष्टी बघायच्या, अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी, बाहेर पसरल्याच्या खुणा. यातलं काहीच नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी चालू असेल तर १, गेलेली असेल तर ३. या दोन्हींचा आणि सीए-१२५ चा गुणाकार करायचा. आईंचं, ३ गुणिले ३ गुणिले ११२, होतात १००८. सर्वसाधारण रेषा २०० ची धरतात. लगेच घाबरू नका, १००८ म्हणजे कॅन्सरच असं हा आकडा म्हणत नाही, एवढा आकडा येऊनही साधी गाठ निघाल्याची उदाहरणं आहेत. तो एवढंच सांगतो की हे काम आता जनरल गायनॅककडचं राहिलं नाही, गायनॅक ऑन्कोसर्जनकडे गेलं पाहिजे. आधुनिक मॉडेल्स यापेक्षा बारकाईने सांगतात, आयओटीएचं ॲडनेक्स आहे २०१४ चं, तुमचे डॉक्टर ते वापरत असतील तर उत्तमच.

मग एमआरआय हवा का? एमआरआय तेव्हा जेव्हा अनुभवी माणसाने सोनोग्राफी करूनही तो म्हणतो की माझं नक्की होत नाहीये. तिथे एमआरआयसारखं दुसरं काही नाही. गाठीत चरबी आहे म्हणजे डर्मॉइड, जुनं रक्त आहे म्हणजे एंडोमेट्रिओसिसची, घट्ट तंतूंची आहे म्हणजे फायब्रोमा, गाठ मुळात ओव्हरीची आहे की गर्भाशयाच्या फायब्रॉइडची, हे एमआरआय छान सांगतो आणि त्यामुळे कित्येक बायकांचं मोठं ऑपरेशन टळतं किंवा लहान होतं. काढायचा असेल तर पूर्ण काढा, कॉन्ट्रास्टसह आणि डिफ्यूजनसह, साधा एमआरआय काढून आणला की बऱ्याचदा परत पाठवावं लागतं आणि पेशंटचा आठवडा जातो. पेसमेकर किंवा शरीरात काही धातूचं असेल तर आधी सांगा. आणि एक, सोनोग्राफीतच चित्र स्पष्ट असेल, पाच श्रेणी, पोटात पाणी, पडद्यावर गाठी, तर एमआरआयने काही बदलत नाही, तिथे तो वेळ घालवणं आहे. आईंच्या बाबतीत दुसरी सोनोग्राफी ५ म्हणाली तर सरळ सीटी, ४ म्हणाली किंवा रेडिओलॉजिस्ट अडखळले तर एमआरआयला अर्थ आहे. मी तरी असंच करीन.

सीटीचं काम वेगळं. गाठ कसली हे सांगायला सीटी कमजोर आहे, पसरलंय का हे सांगायला चांगला. छाती, पोट आणि ओटीपोट, तिन्ही, शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात, आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर ते सांगायचं. सर्जनला त्यात बघायचं असतं की लिव्हरच्या वर, प्लीहेजवळ, आतड्याच्या मुळाशी, मोठ्या रक्तवाहिन्यांजवळच्या गाठींमध्ये काय आहे, म्हणजे एका ऑपरेशनमध्ये सगळं काढता येईल का याचा अंदाज. सीटीची मर्यादा हीच की एक सेंटिमीटरपेक्षा लहान दाणे, खास करून आतड्यावरचे, त्यात सुटतात. त्यामुळे "सीटी क्लिअर आहे" म्हणजे पोट क्लिअर असं कुणी म्हणू नये. मी स्वतः स्वच्छ सीटीनंतर पोट उघडून बारीक दाणे बघितलेत.

आता पेट सीटी. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं सगळ्या शरीराचा एक्सरे, यात सगळं कळणार. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या फेरीत, गाठ कसली हे ठरवायला, पेट सीटी नको. पेट साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो. पाळी चालू असलेल्या बाईची नॉर्मल ओव्हरीही महिन्याच्या काही दिवसांत पेटवर चमकते. एंडोमेट्रिओसिस चमकतो, इन्फेक्शन चमकतं, क्षयरोग तर इतका चमकतो की पसरलेल्या कॅन्सरपासून वेगळा ओळखता येत नाही. आणि उलट बाजूने बॉर्डरलाइन ट्यूमर (साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या मधले), म्यूसिनस (चिकट स्राव करणारे), लो-ग्रेड (हळू वाढणारे), हे मंद असतात, कित्येकदा चमकतच नाहीत. म्हणजे चमकला तरी खात्री नाही, नाही चमकला तरी खात्री नाही. शिवाय पेटबरोबरचा सीटी पुष्कळदा कॉन्ट्रास्टशिवायचा असतो, मग सर्जन म्हणतात चांगला सीटी हवा, आणि परत रेडिएशन. पेटची जागा आहे, उपचार झाल्यावर सीए-१२५ चढतंय पण सीटीत काही दिसत नाही तेव्हा, किंवा छातीत किंवा मानेत संशयास्पद गाठ दिसतेय आणि तिच्यावर प्लॅन अवलंबून आहे तेव्हा. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात असं काही कारण असेलही, म्हणून त्यांना विचारा, भांडू नका.

क्षयरोगाचं नाव तीनदा आलं कारण त्याने मला एकदा चांगलंच शिकवलंय. एक मुलगी आली होती, पोटात पाणी, ओमेंटम जाड, सीए-१२५ पाचशेच्या वर, सगळे म्हणाले तिसरी स्टेज, केमो सुरू करा. दुर्बिणीतून तुकडा घेतला तर क्षयरोग. गोळ्यांनी बरी झाली ती मुलगी. तेव्हापासून तुकड्याच्या रिपोर्टशिवाय केमो सुरू करायला मी कुणालाही हो म्हणत नाही. फारच आजारी पेशंटचा अपवाद असू शकतो, पण तोही पाण्यातल्या पेशी नीट तपासून, सेल ब्लॉक (त्या पेशी गोळा करून केलेला मेणाचा ब्लॉक) करून.

आता चार दिवसांनंतरचं दुर्बिणीचं ऑपरेशन. दुर्बीण वाईट नाही, योग्य हातात, लहान हलती गाठ, न फोडता पिशवीत घालून अख्खी बाहेर काढता येत असेल तर मीही करते. प्रश्न वेगळे आहेत. हे सर्जन गाठ अख्खी काढणार की आत पाणी ओढून छोटी करून? ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शन, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट तिथल्या तिथे तुकडा बघतो, ती सोय आहे का? आणि फ्रोझनमध्ये कॅन्सर आला तर त्याच वेळी पूर्ण स्टेजिंग, पोट आतून धुऊन ते पाणी तपासणीला घेणं, गर्भाशय आणि दोन्ही ओव्हऱ्या, ओमेंटम, पडद्याचे तुकडे, गरज असेल तर लिम्फ नोड, हे करणारा माणूस टेबलवर उभा आहे का, की पोट शिवून "पुढे दाखवा" म्हणणार? शेवटचं उत्तर "पुढे दाखवा" असेल तर ते ऑपरेशन तिथे करू नका. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पहिलं ऑपरेशन एकदाच मिळतं. ते अर्धवट झालं की दुसरं करता येतं, पण चिकटलेल्या आतड्यांमधून, उशिरा, आणि पहिल्यासारखं ते कधीच होत नाही. पसरलेल्या आजारात तर ऑपरेशननंतर डोळ्यांना दिसेल असं काही मागे राहिलं का नाही, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

म्हणून सेकंड ओपिनियनची खरी वेळ पहिल्या ऑपरेशनच्या आधीची. बहुतेक लोक माझ्याकडे नंतर येतात. तुम्ही आधी विचारताय, हे फार चांगलं केलंत.

वेळ किती आहे? आठ-दहा दिवसांत हे सगळं नीट होतं आणि तेवढ्याने आईंचं नुकसान होत नाही. दीड महिना फिरत बसणं मात्र नको. आणि काही गोष्टी झाल्या तर ओपिनियन बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सीत जायचं: अचानक एका बाजूला जोरात दुखून उलट्या (गाठीला पीळ बसलेला असू शकतो), पोट फुगून शौच आणि गॅस बंद, दम लागणं, किंवा एकच पाय सुजून दुखणं. हे पायाचं लोक सांगतच नाहीत, पण ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये शिरेत गुठळी होण्याचं प्रमाण जास्त असतं आणि ती गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

ओपिनियन कुणाचं? गायनॅक ऑन्कोसर्जनचं, आणि जमलं तर अशा ठिकाणी जिथे ट्यूमर बोर्ड बसतो, म्हणजे सर्जन, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात. त्याच हॉस्पिटलमधल्या शेजारच्या केबिनमधलं मत हे खरं सेकंड ओपिनियन नाही, एकमेकांना खोडून काढणं माणसाला अवघड जातं. दोन मतं पुरेत. तिसरं फक्त तेव्हा जेव्हा दोघांचा एखाद्या ठराविक मुद्द्यावर खटका उडतो, आणि मग तिसऱ्याला तो मुद्दाच विचारायचा, उदाहरणार्थ आधी ऑपरेशन की आधी तीन केमो. यावर मोठ्या ट्रायल झाल्यात, २०१० ची ईओआरटीसीची आणि २०१५ ची कोरस, पसरलेल्या आजारात दोन्ही मार्गांनी आयुष्य साधारण सारखंच मिळालं, त्यामुळे दोन चांगले डॉक्टर इथे वेगळं बोलले तर त्यातला एक चुकलाच असं नाही. आईंची तब्येत किती झेपवेल आणि सीटीत काय दिसतं यावर ते ठरतं. सहा-सात जणांना दाखवलं की मत मिळत नाही, गोंधळ मिळतो, आणि माणूस शेवटी ज्याने सगळ्यात कमी घाबरवलं त्याच्याकडे जातो, हे मी खूपदा बघितलंय.

जाताना काय न्यायचं, हे फार महत्त्वाचं आहे. रिपोर्टचे कागद पुरत नाहीत, मोबाईलवर काढलेले फिल्मचे फोटो तर नाहीतच. प्रत्येक स्कॅनची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, डायकॉम स्वरूपात हवं असं सांगा, म्हणजे समोरचा रेडिओलॉजिस्ट स्वतः एकेक चित्र सरकवून बघेल. मी दुसरं मत देते ते चित्रांवर देते, कुणाच्या तरी शब्दांवर दिलं तर ते दुसरं मत झालंच नाही, पहिल्याचीच कॉपी झाली. आणि घरातली जुनी फाईल शोधा. पाच वर्षांपूर्वी कधी पित्ताच्या खड्यासाठी केलेली सोनोग्राफी असेल आणि त्यात हीच गाठ तेव्हाही ७ सेंटिमीटरची असेल, तर तो पिवळा पडलेला कागद नव्या एमआरआयपेक्षा जास्त सांगून जातो. आधीची ऑपरेशनं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सीए-१२५ च्या रिपोर्टची तारीख आणि लॅब, हेही लिहून ठेवा, सीए-१२५ परत करायचं तर त्याच लॅबमध्ये, वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सीए-१२५ बरोबर सीईए आणि सीए १९-९ हे आणखी दोन मार्कर करून घ्यायला सांगतील, ते योग्य आहे, आतड्याचा किंवा जठराचा कॅन्सर ओव्हरीत येऊन बसतो तो यातून कधी कधी उघडा पडतो, मग एंडोस्कोपीही करायला लागते.

नवीन डॉक्टरांना आधी चित्रं बघू द्या, त्यांचं मत ऐका, मग पहिल्यांनी काय सांगितलं ते सांगा. लपवू नका, पण आधीच सांगितलं की त्यांचंही मन तिकडे झुकतं, आम्हीही माणसंच. पहिल्या डॉक्टरांना राग येईल का असं तुम्ही लिहिलंय. "ऑपरेशन मोठं आहे, घरच्यांच्या समाधानासाठी एकदा दाखवून येतो, रिपोर्ट द्या" एवढं सरळ सांगा. चांगला डॉक्टर स्वतः चिठ्ठी लिहून देतो. व्हिडिओवर ओपिनियन घेतलंत तरी चालेल चित्रांपुरतं, पण कुणीतरी हाताने तपासलं पाहिजे, गाठ हलते की चिकटलेली आहे हे हाताला जितकं कळतं तितकं कधी कधी स्कॅनलाही कळत नाही.

सेकंड ओपिनियन ऑपरेशननंतरही लागतं, ते पॅथॉलॉजीचं. स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक हॉस्पिटलमधून मागून घेऊन गायनॅक पॅथॉलॉजी बघणाऱ्याला दाखवायचे. बॉर्डरलाइन की खरा कॅन्सर, म्यूसिनस असेल तर ओव्हरीचा की अपेंडिक्स किंवा आतड्याचा, इथे दोन पॅथॉलॉजिस्टची मतं वेगळी पडू शकतात आणि त्यावर केमो द्यायची की नाही हे फिरतं.

हे उत्तर तिशीतली कुणी वाचत असेल तर थांबा, तुमचं गणित वेगळं. पाळी चालू असताना बऱ्याच गाठी आपोआप जातात, रक्त साठलेली गाठ दीड-दोन महिन्यांनी परत बघितली तर बहुतेक वेळा नसते. तरुण मुलीत घट्ट गाठ असेल तर एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच हे मार्कर बघतात, आणि मूल हवं असेल तर दुसरी ओव्हरी आणि गर्भाशय ठेवता येतं का हे ऑपरेशनच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

तुमच्यासाठी क्रम मी असा लावीन: चार दिवसांनंतरची तारीख पुढे ढकला, सुई नाही, उद्या-परवा अनुभवी माणसाकडून सोनोग्राफी आणि बाकीचे मार्कर, मग गरज पडली तर कॉन्ट्रास्ट एमआरआय, शंका पक्की असेल तर छाती-पोट-ओटीपोट सीटी, सगळ्या सीडी घेऊन गायनॅक ऑन्कोसर्जन, पेट आत्ता नाही.

बहिणीचं. तिला काही त्रास नसेल तर नुसतं सीए-१२५ करू नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं हे करून बघितलं, यूकेसीटीओसीएस नावाचा अभ्यास, २०२१ मध्ये त्याचा शेवटचा निकाल आला आणि अशा तपासणीने ओव्हरीच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. बहिणीला उपयोग होईल तो आईंच्या तपासणीचा. आईंना एपिथेलियल कॅन्सर (ओव्हरीच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार) निघाला तर आईंची बीआरसीए टेस्ट (आनुवंशिक दोष बघणारी जीन तपासणी) करायची, त्यात दोष सापडला तरच बहिणीची आणि तुमची. आईंच्या पुढच्या औषधांसाठीही ती टेस्ट कामाची आहे.

आणि आता आईंना काय सांगायचं ते. मला माहितेय तुम्ही त्यांना त्रास नको म्हणून थांबलाय. पण दोन्ही ओव्हऱ्या आणि गर्भाशय काढायच्या संमतीवर सही त्यांची असणार, उभा छेद त्यांच्या पोटावर, आणि केमोची तयारी त्यांना करायची आहे. "गाठ आहे, ती कसली ते अजून नक्की नाही, शंका आहे म्हणून मोठ्या डॉक्टरांना दाखवतोय" एवढं आज सांगता येतं, त्यात काही खोटं नाही. माझ्या ओपीडीत एकदा मुलगा बाहेर गेल्यावर बाईंनी माझा हात धरून विचारलं, डॉक्टर, कॅन्सर आहे ना? मी म्हटलं शंका आहे. तर त्या म्हणाल्या, माझी आई अशीच पोट फुगून गेली आणि धाकट्या बहिणीला ब्रेस्टचा झाला होता. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं, फाईलवर फॅमिली हिस्टरीसमोर "नाही" लिहिलेलं होतं. तेव्हा आज संध्याकाळी आईंजवळ बसा आणि आजी, मावश्या, मामा, आत्या यांच्यात कुणाला काय झालं होतं, कितव्या वर्षी, ते त्यांनाच विचारून लिहून घ्या.